भेटीदाखल अनुवाद : एका काचेच्या कपाटासाठीच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर

वाचनालयाच्या जिन्याखालचं काचेचं कपाट डिसेंबरअखेरपासून महिनाभर आपल्याला मिळालं. विषय मंजूर झाला: सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या अनुवादक स्त्रिया आणि त्यांनी भेट म्हणून दिलेली पुस्तकं. मूळ प्रती ऑक्सफर्ड, लंडन आणि एडिंबऱ्यात आहेत, त्या काही हलणाऱ्या नाहीत. आपल्याकडे मोठे छापील फोटो, मराठी मजकुराचे तक्ते आणि एका बांधणीची प्रतिकृती एवढंच असणार. प्रतिकृतीचं भरतकाम मावशी करणार आहे.

बैठकीत पहिल्या तक्त्यासाठी एक ओळ सुचवली गेली: 'त्या काळी बायकांना स्वतःचं लिहायला मनाई, म्हणून त्या अनुवाद करत.' ओळ पूर्ण खोटी म्हणता येणार नाही, पण 'मनाई' हा शब्द जास्तच होतो, आणि ती वाचून कुणालाही वाटेल की बिचाऱ्या उरलंसुरलं काम करत होत्या. मग त्या कामावर सोन्याची तार का चढवायची? ते नेमकं १ जानेवारीला राणीच्या हाती का पडायचं? माझं म्हणणं असं, की हे अनुवाद म्हणजे विनंतीअर्ज होते, नात्याची आठवण होती, आणि घेणाऱ्यावर चढवलेलं ऋणही होतं. भेटीमागे काय मागणं होतं, हे प्रत्येक पुस्तकाशेजारी लिहायचं. ते सापडत नसेल तर ते पुस्तक कपाटात नको.

१४ सप्टेंबर

मधल्या फळीवर १५४४ चं पुस्तक. याबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण तक्त्यावर यातलं फार तर शंभर शब्दांत मावेल.

पुढे इंग्लंडची राणी झालेली पहिली एलिझाबेथ तेव्हा अकरा वर्षांची. आईला, म्हणजे अ‍ॅन बोलीनला, बापाने, राजा आठव्या हेन्रीने, १५३६ मध्ये मारवलं. त्यानंतर मुलगी अनौरस ठरली. १५४४ च्या कायद्याने तिला आणि थोरल्या सावत्र बहिणीला, मेरीला, गादीच्या क्रमात परत घेतलं, पण अनौरसपणाचा शिक्का तसाच राहिला. त्याच उन्हाळ्यात आठवा हेन्री फ्रान्सच्या मोहिमेवर गेला आणि राज्याचा कारभार सहावी राणी कॅथरिन पार हिच्याकडे सोपवला. आणि ३१ डिसेंबरला अ‍ॅशरिजहून ही सावत्र लेक सावत्र आईला नववर्षाची भेट पाठवते: स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, फ्रेंचमधून इंग्रजी गद्यात केलेला एका दीर्घ कवितेचा अनुवाद.

मूळ कविता नाव्हारची राणी मार्गरीत हिची, पहिली छपाई १५३१. पापी जीव आरशात स्वतःला पाहतो आणि देवाशी आई, मुलगी, बहीण, पत्नी अशी सगळी नाती जोडतो, असा तिचा विषय. पॅरिसच्या धर्मपंडितांनी १५३३ मध्ये त्यावर आक्षेप घेतला होता. म्हणजे निवड अगदी निरुपद्रवी नव्हती. राणीचं पुस्तक, राणीला भेट, आणि चर्चमध्ये सुधारणा हवी अशा सुधारकी विचारांची राणी असल्याने तिला आवडणारंच. शिवाय कवितेत एक जागा अशी आहे, की नवरे व्यभिचारी बायकोला क्षमा करत नाहीत, न्यायाधीशांकरवी तिला मारवणारेही कमी नाहीत. अकरा वर्षांच्या या मुलीने ती ओळ सुबक अक्षरात उतरवली आहे. यावर तक्त्यात काहीही भाष्य करायचं नाही. १५३६ आणि १५४४ ही दोन सालं शेजारी छापली की पुरे.

सोबतचं पत्र तर फारच हुशारीचं. आधी ती म्हणते, की न वापरलेलं लोखंड गंजतं तशी बुद्धीही गंजते. मग मागणं: माझी वाक्यं खूप ठिकाणी ओबडधोबड आहेत, तर आपण ती खोडावीत, घासूनपुसून दुरुस्त करावीत, आणि तोवर आपल्याखेरीज कुणीही हे पाहू नये, माझ्या चुका चारचौघांत जायला नकोत. आता राणीने पुस्तक नुसतं कपाटात ठेवून चालणार नाही. तिला वाचावं लागेल, लेखणी हातात घ्यावी लागेल, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने या मुलीशी बोलावंही लागेल. नम्रतेच्या आड एवढं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं मोठ्यांनाही साधत नाही.

चार वर्षांनी, १५४८ मध्ये, जॉन बेल या सुधारकाने तो अनुवाद छापलाच. गुपचूप ठेवण्याच्या विनंतीचं काय झालं, ते तेव्हाच दिसलं.

२१ सप्टेंबर

रविवार पेठेत कलाबत्तू पाहिली. खरी जर परवडणारी नाही, नकली घेतली, सोनेरी आणि रुपेरी. रेशीम फिकट निळं. मॅटीचं कापड जाड पडतं असं मावशी म्हणते, बारीक विणीचा कॅनव्हास घेतला. फुलांसाठी जांभळं आणि पिवळं रेशीम तिच्या डब्यात आहे.

४ ऑक्टोबर

नववर्षाच्या भेटींच्या याद्या. यांच्याशिवाय बाकीचं काही कळत नाही, म्हणून तक्ता क्रमांक एक हाच.

ट्यूडर दरबारात १ जानेवारीला दरबाऱ्यांनी राजाला किंवा राणीला भेट द्यायची आणि परत भेट घ्यायची. चर्मपत्राचे तुकडे जोडून केलेल्या लांबलचक गुंडाळीवर एका बाजूला आलेलं, दुसऱ्या बाजूला दिलेलं. एलिझाबेथच्या काळातल्या अशा गुंडाळ्यांपैकी दोन डझनांच्या आसपास टिकल्या आहेत, वर राणीची सही. नावं हुद्द्याच्या उतरंडीने: अर्ल, बिशप, सरदारांच्या बायका, मग खाली खाली. १५६२ च्या यादीत कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर रेशमी पिशवीत ४० पौंड घालून देतात, आणि त्याच यादीत मुदपाकखान्याचा आचारी बदामाच्या मिठाईचा बुद्धिबळाचा पट करून आणतो. १५७८ च्या यादीत दरबारचा कचरा उचलणारा स्मिथ दोन ठाण तलम लिनन कापड देतो. राणीकडून परत जाणारी वस्तू बहुधा सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं भांडं. जडजवाहीर खात्याने त्याचं वजन औंसात मोजून नोंदवलेलं.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही घेऊन मांडवाच्या कडेला एक काका बसलेले असतात, पुढच्या पिढीत कुणाला किती परत करायचं याचा हिशेब त्यातूनच निघतो. मावशीला यादी दाखवली तर ती म्हणाली, ''अगं, हे तर आपलंच की! फक्त आपल्याकडे भांड्याचं वजन लिहीत नाहीत, मनात ठेवतात.''

आता यात पुस्तकाची जागा कुठे? पैशांच्या पिशव्यांच्या रांगेत हाताने लिहिलेलं पुस्तक उठून दिसतं. त्याचं वजन करून तेवढ्या औंसाचं भांडं परत देता येत नाही. श्रम किती, रात्री किती, हे घेणाऱ्याने ओळखायचं. ज्यांच्याकडे जमीन नाही, पगार नाही, पण लॅटिन आणि फ्रेंच आहे, अशा माणसाला हा मार्ग खुला होता. परदेशी सुलेखनकार, कवी, पाद्री हे सगळे तो वापरत. बायकाही वापरत, आणि त्यांच्याकडे सुईदोरा हे आणखी एक हत्यार होतं.

एक तांत्रिक भानगड. इंग्लंडमध्ये भेटी १ जानेवारीला देत, पण सालाचा आकडा २५ मार्चला बदले. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळातल्या नोंदी जुन्या कागदांत एक वर्ष मागच्या दिसतात. तक्त्यांवर आजच्या पद्धतीचं साल, आणि खाली बारीक टाइपात एवढा खुलासा.

११ ऑक्टोबर

भरतकाम सुरू. मूळ बांधणी साधारण सात इंच बाय पाच, म्हणजे हातात मावणारी वही. निळी जमीन पूर्ण भरलेली, कापड कुठेच दिसत नाही. त्यावर सोन्या-चांदीच्या तारेची वेणी गुंतत जाते, मध्यभागी के आणि पी ही कॅथरिन पारची आद्याक्षरं, चार कोपऱ्यांत पॅन्सीची फुलं, पाकळ्यांमधून डोकावणारी हिरवी पानं.

मावशीने फोटो मोबाइलवर मोठा करून वेणीचा एकेक पदर बोटाने मोजला. वेणीचा पदर एकदा वर, एकदा खाली, आणि जिथे वळण येतं तिथे तार मोडू नये म्हणून सैल सोडलेली. ती म्हणाली, ''जमीन भरायला वेळ जातो, डोकं लागत नाही. डोकं या वळणाला लागतं.'' कलाबत्तू सुईच्या नेढ्यातून वारंवार ओढली की वरची पन्नी सुटते आणि आतला दोरा उघडा पडतो. म्हणून तिने तार वरच ठेवली आणि बारीक रेशमाने जागोजाग टाचत नेली. वळणापाशी टाचे जवळजवळ, सरळ भागात लांब.

मग तिचा प्रश्न: अकरा वर्षांच्या पोरीने हे एकटीने केलं? परंपरेने तसं मानतात. सहा वर्षांचीही नव्हती तेव्हा, १५३९ च्या नववर्षाला, तिने धाकट्या भावाला, एडवर्डला, स्वतः शिवलेला तलम सदरा दिला होता, तशी नोंद आहे. तेव्हा हात बसलेला होता हे नक्की. तक्त्यावर 'एलिझाबेथच्या हातचं मानलं जाणारं भरतकाम' असं लिहायचं. मावशीचं मत वेगळं: ''जमिनीला दासी बसल्या असतील, वेणी हिने केली असेल. आम्हीपण तसंच करायचो.''

१९ ऑक्टोबर

पुढच्याच वर्षीचा, १५४५ चा जोड. यात तिने डाव आणखी वर नेला.

कॅथरिन पारचं प्रार्थनांचं पुस्तक १५४५ मध्ये तिच्या नावानिशी छापलं गेलं. इंग्लंडच्या राणीने स्वतःच्या नावाने पुस्तक छापण्याची ही पहिलीच वेळ. एलिझाबेथने ते लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत नेलं आणि ३० डिसेंबरला हर्टफर्डहून बापाला भेट पाठवलं, सोबत लॅटिन पत्र. बापाला लिहिलेलं तिचं एवढं एकच पत्र आज शिल्लक आहे. सावत्र आईचं पुस्तक, लेकीचे श्रम, आणि दोन्ही मिळून बापापुढे. त्याला एकीचं कौतुक करायचं तर दुसरीचं करावंच लागणार. ही प्रत आता ब्रिटिश लायब्ररीत.

त्याच नववर्षाला कॅथरिनला दुसरं पुस्तक: जिनिव्हातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण, फ्रेंचमधून इंग्रजीत. हे एडिंबऱ्याला, राष्ट्रीय अभिलेखागारात. पुढे भावाला ओकिनो या इटालियन प्रवचनकाराचं एक प्रवचन लॅटिनमध्ये करून दिलं. घरात तीन माणसं, आणि प्रत्येकाची आवड, धर्ममत, भाषा बघून भेट. एडवर्डला इटालियनमधून लॅटिन, बापाला तीन भाषांचा थाट, आईला तिच्या मतांचा फ्रेंच लेखक.

कपाटात तिन्हींचे फोटो एका रेषेत लावायचे. दिवाळीनंतर छपाईला.

८ नोव्हेंबर

दिवाळीत काम झालं नाही. फराळाचे डबे शेजारीपाजारी फिरले आणि रिकामे डबे रिकामे परत करायचे नाहीत म्हणून त्यात काहीबाही भरून परत आले. एवढंच संशोधन.

आजपासून दरबाराबाहेरच्या बाई. अ‍ॅन लॉक, लंडनच्या व्यापाऱ्याची बायको. एलिझाबेथच्या आधी गादीवर आलेल्या थोरल्या बहिणीच्या, मेरी राणीच्या, कॅथलिक राजवटीत, १५५७ मध्ये, जॉन नॉक्स या स्कॉटिश धर्मसुधारकाच्या आग्रहावरून ती नवऱ्याला मागे ठेवून दोन लहान मुलांसह जिनिव्हाला गेली. पोचल्यावर चारच दिवसांत लहान मुलगी वारली. तिथे कॅल्विनची प्रवचनं ऐकली. १५५९ मध्ये परत आली आणि १५६० मध्ये त्याच्या चार प्रवचनांचा इंग्रजी अनुवाद छापला. विषय: बायबलमधला यहुद्यांचा राजा हिज्कीया, आजारपण आणि त्यातून उठणं.

अर्पण सफोकच्या डचेसला, कॅथरिन विलोबीला. तीही त्याच राजवटीत परदेशी पळून पोलंडपर्यंत भटकून आलेली. अर्पणपत्रिकेत लॉक म्हणते: औषधाचा पाठ देव नावाच्या वैद्याचा, औषध घोटलं कॅल्विन या औषधविक्याने, मी ते इंग्रजी डबीत भरलं आणि आपल्याला देते. वरवर पाहता फक्त डबी माझी. पण डबीविना औषध कुणाच्याही घरी पोचत नाही, आणि ते कुणाला द्यायचं हे डबी भरणारीच ठरवते. निर्वासितपणातून परतलेल्या एका बाईने निर्वासितपणातून परतलेल्या दुसरीला आजारातून उठण्याची प्रवचनं द्यावीत, यात दुखणं कोणतं ते दोघींना वेगळं सांगायला नको होतं.

शिवाय पुस्तकाच्या शेवटी बायबलमधल्या एकावन्नाव्या स्तोत्रावरची सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, जोडली आहेत, पाच प्रस्तावनेची आणि एकवीस मुख्य. इंग्रजीतली ही पहिली सुनीतमाला. ती मात्र 'एका मित्राने दिली' असं म्हणून मोकळी. ती तिचीच, असं आज बहुतेक जण धरतात. अनुवादावर आद्याक्षरं घालायची आणि स्वतःच्या कवितेला मात्र मित्राची भेट म्हणायचं! बैठकीतल्या त्या ओळीला माझं उत्तर इथे आहे.

ब्रिटिश लायब्ररीतल्या एका प्रतीवर लॅटिनमध्ये लिहिलंय: हेन्री लॉकचं पुस्तक, पत्नी अ‍ॅन हिच्याकडून भेट, १५५९. पुस्तकावर छपाईचं साल १५६०, आणि भेट एक वर्ष आधीची कशी? तेच, २५ मार्चचं कोडं. डचेसला वाजतगाजत छापील अर्पण आणि नवऱ्याला घरातल्या घरात एक प्रत. हा फोटो मिळाला तर मोठा करून लावायचा.

१५ नोव्हेंबर

अ‍ॅन कुक. इटालियन शिकत होती म्हणून आईने टोकलं होतं, की हे बी नापीक जमिनीत पडतंय. १५५१ च्या सुमाराला हिने ओकिनोची चौदा प्रवचनं इंग्रजीत आणली आणि अर्पण कुणाला, तर त्याच आईला. अर्पणपत्रिकेत आईचं बोलणं जसंच्या तसं उगाळलंय, फार आदराने. हे वाचताना मला मोठ्याने हसू आलं, वाचनालयात.

पुढे लग्न निकोलस बेकनशी. (तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनची आई ही ओळख तक्त्यात शेवटी टाकायची, आधी नाही.) १५६२ मध्ये बिशप ज्यूएलने इंग्लंडच्या चर्चची बाजू मांडणारा लॅटिन ग्रंथ लिहिला. तिने तो इंग्रजीत करून एक प्रत लेखकाला आणि एक आर्चबिशप पार्करला पाठवली. पार्करने काय करावं? १५६४ मध्ये तिला न विचारता छापून टाकला आणि हस्तलिखिताच्या बदल्यात छापील पुस्तक परत पाठवलं. वर पत्र जोडलं: आम्ही दोघांनी तपासलं, काही बदलावं लागलं नाही, आणि तुम्ही विनयाने नकार द्याल म्हणून आधी विचारलं नाही.

हा तोच पार्कर, दोन वर्षांपूर्वी रेशमी पिशवीत ४० पौंड देणारा. परतफेड कशी करायची हे त्याला नेमकं ठाऊक होतं. मात्र या परतफेडीत चर्चचाही फायदा होता: अधिकृत बाजू मांडणारा इंग्रजी ग्रंथ आयता मिळाला. पार्करचा तक्ता भेटींच्या याद्यांच्या शेजारी.

२३ नोव्हेंबर

मार्गारेट टायलर, १५७८, स्पॅनिशमधून शौर्यकथा. हिला धर्माची ढाल नाही. तिचा मुद्दा थोडक्यात: पुरुष आपली पुस्तकं बायकांना अर्पण करतात. अर्पण केलेलं वाचायला हवंच. मग वाचता येतं ते अनुवादता का येऊ नये? तुम्ही भेट दिलीत, आता आम्ही ती वापरणार. एका छोट्या पट्टीवर एवढंच, ठळक टाइपात.

६ डिसेंबर

बाइंडरकाकांकडे गेलो. आतले फॉर्मे कोरे असले तरी जुजबंदीच, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणीच हवी, असा मावशीचा हट्ट, कारण डिंकाने चिकटवलेली पाठ उघडल्यावर भरतकाम ताणलं जातं. काकांनी पुठ्ठ्याच्या कडा किंचित घासून गोल केल्या, नाहीतर कोपऱ्यावरची पॅन्सी घासून आधी तिथेच उसवेल म्हणाले. खळ अगदी घट्ट आणि तीही फक्त कडेला, म्हणजे ओल रेशमात उतरत नाही. मूळ पुस्तकाचीही पाठच सगळ्यात जास्त खराब झालेली आहे, हे त्यांना न सांगता कळलं.

''कुणाला द्यायचंय?'' काकांनी विचारलं. कपाटासाठी आहे म्हटल्यावर जरा हिरमुसले.

१३ डिसेंबर

वरच्या फळीवरची दोन पुस्तकं घाईत उरकतेय, पण दोन्ही सोडवत नाहीत.

जेन सीगर, १५८९. दहा सिबिलांची, म्हणजे प्राचीन भविष्यवादिनींची, ख्रिस्ताविषयीची भाकितं इंग्रजी पद्यात, आणि प्रत्येकासमोर तोच मजकूर टिमथी ब्राइटच्या लघुलिपीत. ही लिपी आदल्याच वर्षी छापून आलेली आणि राणीलाच अर्पण केलेली, म्हणजे राणीला नवलाईची. बांधणीत मखमलीवर रंगवलेली काच. अनुवाद, नवी लिपी, काचकाम, सगळं एकाच भेटीत. थोडं जास्तच होतंय असं मला वाटतं, पण गर्दीत नजरेत भरायचं असेल तर असंच करावं लागत असणार.

आणि मेरी सिडनी हर्बर्ट. भाऊ, कवी फिलिप सिडनी, १५८६ मध्ये युद्धातल्या जखमेने गेला, तेव्हा बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी ४३ त्याची इंग्रजी पद्यात करून झाली होती. उरलेली १०७ तिने पद्यात आणली. १५९९ मध्ये राणीसाठी तयार केलेल्या प्रतीच्या अर्पणकवितेत ती म्हणते, ताणा त्याचा, विणून पुरं केलं मी, आणि कापड मुळात आमचं नाहीच. राणीला दिलेल्या भेटीत मेलेला भाऊही देणाऱ्यांत उभा केलाय, आणि तो प्रॉटेस्टंटांसाठी लढताना पडला होता हे राणीला विसरता येऊ नये अशी सोय केलीय. मावशीने भरतकामाच्या तक्त्यावर हीच ओळ हवी म्हणून सांगितलं. दिली.

२१ डिसेंबर

तक्ते छापून आले. एलिझाबेथ रसेलचं पुस्तक सगळ्यात शेवटी लावलं. ती अ‍ॅन कुकची बहीण. १६०५ मध्ये, म्हातारपणी, तिने लॅटिनमधला प्रभुभोजनाविषयीचा ग्रंथ इंग्रजीत छापला आणि लेडी हर्बर्ट झालेल्या आपल्या मुलीला नववर्षाची भेट दिला. आईला टोमणा मारणारी एक बहीण आणि मुलीला शेवटचा वारसा म्हणून अनुवाद देणारी दुसरी, दोघी एकाच फळीवर.

पहिल्या तक्त्यावरची ती ओळ काढली. बदली: 'या पुस्तकांत काय मागितलंय ते शोधा.' समितीने कुरकुर करत मान्य केलं.

३ जानेवारी

वाचनालयाने विचारलं, प्रदर्शन संपल्यावर प्रतिकृती कायमची भेट द्याल का? मावशीला फोन लावला. ती म्हणाली, ''देते की. पण वरचा छोटा हॉल गुरुवारी दुपारी रिकामाच असतो ना? आमच्या भरतकामाच्या वर्गाला तो मिळाला तर बघा म्हणावं. आणि तू सोबत छानसं पत्र लिही, अगदी नम्र.''

पत्राचा मसुदा केला. उद्या तिला वाचून दाखवायचा, मग ग्रंथपालांकडे.